बेळगाच्या पुढची चांदणी

मंडळाच्या हिशेबात पैसे कमी भरले तर काय करायचं, हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक आहे. खजिनदाराकडं बघायचं. पण पैसे जास्त भरले तर? चवथीला आठ दिवस होते, मंडपाचा एक बांबूही उभा नव्हता, म्हणजे खर्च शून्य. पत्र्याचा डबा आणि पासबुक मिळून वर्गणी भरत होती १,३८,६५१ रुपये. माझ्या एक्सेलच्या तळाला बेरीज होती १,१८,१२८.

"कमी असते तर समजलं असतं," अध्यक्ष तात्या म्हणाले. "वीस हजार जास्त कुठनं आले रे? पावती न फाडता घेतलास की काय? रात्री मीटिंगला सगळं बरोबर करून आण."

मी बेळगावच्या रविवार पेठेत एका होलसेल दुकानात हिशेब लिहितो. 'ह्याला कॉम्प्युटर येतो' एवढ्याच पुराव्यावर गल्लीनं मला खजिनदार केलं. दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर मी फाईल उघडली. शेजारच्या टेबलावरच्या कानडी सहकाऱ्यानं चष्मा वर करून स्क्रीनकडं एकदा बघितलं आणि "लेक्क तप्पैति री" असं सांगून तो परत आपल्या बिलात शिरला. हिशेब चुकलाय हे मलाही दिसत होतं. कुठं, ते दोन्ही भाषांत कोण सांगत नव्हतं.

रकमेच्या रकान्याकडं जरा तिरकं बघितल्यावर पहिला धागा सापडला. बहुतेक आकडे उजव्या भिंतीला टेकून बसले होते, काही मात्र डावीकडं. एक्सेलमध्ये डावीकडं बसतात ती अक्षरं. वर्गणीला फिरणाऱ्या पोरांनी चौदा ठिकाणी, आपण पावतीवर लिहितो तसं, पाचशे एक लिहून पुढं तिरकी रेघ आणि आडवी रेघ मारली होती. ती रेघ का मारतात? मागनं कोणी शून्य वाढवू नये म्हणून. चोराला अडवायला मारलेल्या रेघेनं इथं खजिनदाराला अडवलं.

आणि बेरीज करणारा तो सम! भलता सभ्य माणूस. जे आकडे त्याला आकडे वाटत नाहीत त्यांच्याकडं तो बघतच नाही. तक्रार नाही, बोंब नाही. त्याच रकमा अधिकचं चिन्ह टाकून मिळवल्या असत्या तर हॅश व्हॅल्यू (#VALUE!) अशी चूक दाखवून थोबाडीत तरी बसली असती. सम म्हणजे पंक्तीत पानं मोजायला उभा केलेला पाहुणा, ओळखीच्यांनाच मोजणार.

चौदा ठिकाणच्या रेघा पुसल्या. ७,०१४ रुपये वाढायला हवे होते. बेरीज १,१८,१२८. परत बघितलं. १,१८,१२८. फाईल बंद करून उघडावी म्हटलं, पण हात थरथरत होता. मग आठवलं. सकाळी दुकानाची जुनी स्टॉकची फाईल आधी उघडली होती. ती इतकी जड, की कोणीतरी तिचं गणित 'मॅन्युअल'वर टाकून ठेवलंय, म्हणजे सांगितल्याशिवाय बेरीज बदलायची नाही. आणि एक्सेलचा कायदा असा, की दिवसाची पहिली फाईल ज्या मूडमध्ये येते तोच मूड मागनं येणाऱ्या सगळ्यांना. आमच्या मालकांचंही तसंच आहे. आता गणित कर म्हणून सांगणारं एफ नाईन दाबलं. १,२५,१४२. उठून चहा सांगितला.

पुढच्या नऊ पावत्या मास्तरांच्या. मराठी शाळेतनं रिटायर झालेत, नोंदी स्वतः मोबाईलवर करतात आणि आकडे देवनागरीतच. नऊ वेळा एक हजार एक, सुरेख, वळणदार. आमच्या संगणकाच्या लेखी ती नऊ चित्रं. मास्तरांना फोन करून सांगितलं, "मास्तर, आपले आकडे तो आकडे धरत नाही."

बराच वेळ पलीकडं शांतता. मग, "म्हणजे हितं पण मराठी चालत नाही म्हण की."

मी गुपचूप ९,००९ रुपये इंग्रजीत लिहून घेतले.

राहिला एक आकडा. ५००१. रेघ नाही, देवनागरी नाही, तरी डावीकडं. लांबी मोजणाऱ्या लेनला विचारलं, आकडे किती? म्हणाला पाच. मी बोटावर मोजले, चार. व्हॉट्सॲपवरनं चिकटवताना शेपटीला एक न दिसणारी जागा आली होती, आणि तीही साधी नाही, एकशे साठ नंबरची. साध्या जागा झाडणारा ट्रिम तिला हात लावत नाही. एकाच्या जागी दुसरं घालणाऱ्या सबस्टिट्यूटमध्ये तिचा नंबर नाव घेतल्यासारखा सांगून तिला हाकलावं लागतं. वीस मिनिटं गेली. कर्सर शेवटी नेऊन एकदा बॅकस्पेस मारलं असतं तरी भागलं असतं, हे सुचलं ते नंतर.

१,३९,१५२.

आता फक्त फलकासाठी तात्यांनी मागितलेला गाववार गोषवारा. नाव जुळलं तरच बेरीज धरणारा समइफ लावला. खानापूर १४,०२८. निपाणी ठीक. संकेश्वर ठीक. बेळगाव १२,५२५. बेळगावच्या गल्लीतल्या गणपतीला बेळगावपेक्षा खानापूरची वर्गणी जास्त! हा फलक लागला असता तर विसर्जन माझंच झालं असतं.

गावाचा रकाना वर-खाली केला. माझ्या नोंदीत बेळगाव. मास्तरांच्या नोंदीत जुन्या वळणाचं, टिंबासकट बेळगांव. पोरांनी आधार कार्डावरनं उतरवलेलं बेळगावी, कारण सरकारी दप्तरात १ नोव्हेंबर २०१४ पासून तेच नाव आहे. एकानं तर बेलगाम लिहिलं होतं. समइफला ही चार गावं. एकच नाव ठरवा म्हणून मीटिंगमध्ये विषय काढावा, तर महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचं सुप्रीम कोर्टात २००४ पासून जे लोंबकळतंय ते आमच्या मंडळात चहा-चिवड्यावर एका रात्रीत मिटेल असं मला वाटेना. शिवाय मास्तर टिंब सोडणार नाहीत.

तेव्हा आठवलं की समइफला चांदणी (*) चालते. चांदणी म्हणजे पुढं काय वाट्टेल ते असो. मी लिहिलं 'बेळगा', आणि पुढं चांदणी. व असो, वी असो, टिंब असो, सगळे एका ओळीत आले. बेलगामवाल्याला मी हातानं सरळ केलं. तेवढा हक्क खजिनदाराला असावा.

रात्री मीटिंगमध्ये छाती काढून कागद वाचला. तात्यांनी डबा परत मोजायला लावला.

"आता पाचशे एक कमी भरतायत की रे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी घामाघूम होऊन पहिल्या ओळीपासनं बोट फिरवलं. फार फिरवावं लागलं नाही. पावती क्रमांक १. गाव बेळगाव. रक्कम पाचशे एक, इंग्रजी आकड्यात, उजवीकडं टेकलेली, रेघ नाही, शेपूट नाही. नाव माझं. पोरांना पावती कशी लिहायची ते दाखवायला फाडली होती.

खिशात हात घातला. तीनशे निघाले.

"तात्या, दोनशे एक उद्या देतो."