मूळ फोटो पाठवा हो!

षष्ट्यब्दी असो की निरोप समारंभ, "एक छानसं कोलाज करून दे ना, बारा बाय अठराचं" म्हणतात, आणि फोटो म्हणून काय पाठवतात? स्टेटसचे स्क्रीनशॉट! वर घड्याळ, बॅटरी, खाली कुणीतरी चिकटवलेला केक. वीट आलाय अक्षरशः.

१२ बाय १८ इंचांची प्रिंट ३०० डीपीआयला (दर इंचात ३०० ठिपके) म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेल. आणि तुम्ही म्हणता, "त्या ग्रुप फोटोतून फक्त आजींना घे." चॅटवरून दाबून लहान होऊन आलेल्या त्या फोटोत आजींचा चेहरा जेमतेम १५० पिक्सेलचा. छापताना तो अर्धा इंचच नीट येणार. चार इंचांचा केला की डोळ्यांच्या जागी नुसते ठोकळे. नसलेले पिक्सेल फोटोशॉप आणणार कुठून? एआयने मोठा करून पाहिला, तर हनुवटीवरचं गोंदणच गायब आणि चेहरा भलत्याच बाईचा!

बाकी काम मी आनंदाने करते. चौकटी आखणं, क्लिपिंग मास्कने (चौकटीबाहेरचा भाग झाकून) एकेक फोटो त्यात बसवणं, रंग जुळवणं, यात खरंच जीव रमतो. पण सगळं रचून झाल्यावर रात्री अकराला, "अगं, मामींचा राहिलाच, कोपऱ्यात मावेल ना?" नाही मावत! एक चौकट घुसवली की अख्खी मांडणी विस्कटते.

फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या. जुने छापील फोटो ट्यूबलाइटखाली तिरपे काढू नका, ६०० डीपीआयला स्कॅन करून आणा. आणि कोण कोण हवंय ते आधी घरात ठरवा.