धुरा सोडू नका, वावर गेलं तरी चालेल

तर मंडळी, पऱ्हाटीला (म्हणजे कपाशीला) डोस कधी टाकायचा, सोयाबीन पिवळं पडलं तर काय फवारायचं, असले फालतू प्रश्न यंदा मला विचारू नका. माझा विषय बदलला आहे. संकट दारात आलं की त्याच्याकडे पाठ करून भावकीशी कसं भांडायचं, यात मी आता एक्सपर्ट झालोय. फी काही नाही, एक सुपारी-तंबाखूचा खर्रा चारा, अर्धा असला तरी चालते.

अनुभव एकदम ताजा आहे. मागच्या सोमवारी डीएपीचं पोतं बंडीत टाकून वावरात निघालो, तर पांदणीत, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या वाटेत, बोरीच्या काट्या. चांगल्या दोन हात उंच रचलेल्या, आणि वरून दगड ठेवलेले, म्हणजे वाऱ्यानं पडल्या असं म्हणायला जागा नाही. टाकणारा कोण, तर माझाच चुलत भाऊ, वयानं दोन वर्षं मोठा, आजही मी त्याला दादाच म्हणतो. त्याचं म्हणणं असं की वखरताना मी धुऱ्याचं, म्हणजे आमच्या दोन वावरांमधल्या बांधाचं, एक तास (पिकाच्या एका ओळीएवढी पट्टी) खाल्लं. आणि त्याच दिवशी सकाळी दादाचा व्हॉट्सअॅप स्टेटस काय, तर बर्फाच्या डोंगरामागून सूर्य उगवतोय (आमच्या तालुक्यात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो), खाली दोन जोडलेले हात, आणि संकटातच माणसाला आपली आतली ताकद कळते असं काहीतरी. मला कळली ना दादा. बंडी तिथंच सोडली आणि पन्नास किलोचं पोतं डोक्यावर घेऊन चिखलातून पाऊण किलोमीटर गेलो, तेव्हा चांगलीच कळली.

असो. सल्ले.

सगळ्यात आधी, संकट नेमकं कुठून आलं ते शोधायचं नाही. आषाढात एका रात्री नाला फुटला आणि दादाचं अन् माझं मिळून तीसेक गुंठे खरडून घेऊन गेला, खालचा मुरूम उघडा पडला. आता नाल्याला शिवी देऊन पाहा. तो उलट बोलत नाही. पावसाला दिली तर तोही बोलत नाही, मजाच येत नाही. दादाला दिली की दादा दोन परत देतो, वहिनी ओट्यावर येते, पोरं मोबाईल काढतात, दिवस कसा मावळला कळत नाही. करमणूक पाहिजे तर माणसाशीच भांडा.

दुसरं, भांडायला जागा चांगली निवडा. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तंटामुक्त गावाचा बोर्ड आहे, 2007 ला ती मोहीम आली तेव्हाचा, रंग उडालाय पण अक्षरं वाचता येतात. आम्ही त्याच्याच खाली उभे राहून एकमेकांची गचांडी धरली, सावली चांगली पडते तिथं. समिती आहे का विचाराल तर आहे, पण अध्यक्ष कोणी व्हायचं यावर तंटा सुरू आहे.

तिसरं. मेहनतीच्या कामापासून लांब राहा, त्यात मोठा धोका आहे. मला त्या पोत्यानं शिकवलं. निघालो तेव्हा डोक्यात नुसता दादा होता, त्याला काय काय ऐकवायचं त्याची पूर्ण लिस्ट तयार. पहिल्या बाभळीपर्यंत मनातल्या मनात मी त्याला तीनदा आडवा केला. मग काळ्या मातीनं एक चप्पल ओढून घेतली, दुसरी मीच फेकली, पोत्यातून पाणी पाझरून मानेवर यायला लागलं, पाय घोट्यापर्यंत रुतायचा आणि काढताना असा आवाज व्हायचा की म्हैस चिखलातून उठते आहे, आणि मग मी फक्त मोजायला लागलो. वीस पावलं, थांब. वीस पावलं, थांब. वावरात पोतं टाकलं तेव्हा हात असे थरथरत होते की बिडी पेटेना, आणि बसल्या बसल्या ध्यानात आलं की मागची दहा-पंधरा मिनिटं दादा डोक्यात आलाच नव्हता. भांडण चक्क विसरलो होतो! दोन वर्षं जिवापाड जपलेलं भांडण, एका पोत्यानं घालवलं असतं. म्हणून सांगतो, डोक्यावर काही घेऊ नका, पानठेल्यावर बसा, तिथं भांडण नीट तब्येतीत राहते.

चौथं, हिशोब करू नका.

हे एक मात्र नीट ऐका, कारण मी चुकून केला. त्याच संध्याकाळी पोराची वही घेतली. धुरा चारशे फूट लांब, पऱ्हाटीच्या दोन तासांत अंतर चार फूट, म्हणजे भांडण सोळाशे चौरस फुटांचं. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे पुरता दीड गुंठाही नाही. साल चांगलं असलं, एकरी आठ क्विंटल पिकलं, तर दीड गुंठ्यात तीस किलो कापूस. 2024-25 चा मध्यम धाग्याचा हमीभाव 7121 रुपये होता, त्या भावानं 2100 रुपये आणि वर थोडी चिल्लर, त्यातून वेचाई जाईल, डवरणी जाईल, खत जाईल. आणि या 2100 साठी आम्ही दोघांनी मिळून तालुक्याच्या चकरा मारल्या एकवीस, मोजणीचा अर्ज त्याचा वेगळा माझा वेगळा, वकील त्याचा वेगळा माझा वेगळा, आणि दोन्ही वकील दुपारी एकाच टपरीवर एकाच प्लेटमधला समोसा खाताना मी डोळ्यानं पाहिले, त्यांचं काही भांडण नाही बाप्पा. दादाला जमीन महसूल कायद्याचं कलम 143 तोंडपाठ, मला 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याचं कलम 5 तोंडपाठ, तहसीलदार रस्ता मोकळा करून देऊ शकतो म्हणे, द्यायचा तेव्हा देईल. पण पेरणीपासून पंचेचाळीस दिवसांनी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावायचे, हेक्टरी पाच, आणि एका सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की समजायचं बोंडअळी आली, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात राहिलं नाही. मागच्या साली सापळे आणले होते मी, अजून पिशवीतच आहेत, कारण ज्या दिवशी लावायचे त्या दिवशी तारीख होती. आणि त्या पतंगाला काय धुरा कळते? तो सातबारा पाहून बसते काय? दादाच्या वावरात फेब्रुवारीपर्यंत फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही न उपटलेली पऱ्हाटी, उभी, तिच्यात अळी मजेत राहणार आणि पुढच्या हंगामात माझ्याकडे येणार, माझ्याकडे वाढली की परत त्याच्याकडे. 2017 ला काय झालं विसरलो का आपण? डोमकळ्या (अळीनं न उमललेली फुलं) धुऱ्याच्या अलीकडेही होत्या अन् पलीकडेही, वेचून आणलेल्या कापसात निम्मी कवडी, म्हणजे किडका कापूस, दोघांच्याही घरी, आणि त्या सालीही आम्ही कशावर भांडलो, तर धुऱ्यावरच्या निंबाच्या फांदीवर! फांदी! नाल्यानं तीस गुंठे नेले, म्हणजे या धुऱ्याच्या वीसपट, त्या नाल्यावर केस कोणी टाकली?

पाचवं की सहावं, कितवं चालू आहे कोण जाणे. भांडणात बायकांना घ्या. माझी बायको अन् वहिनी एकाच बचत गटात आहेत, एकमेकींकडे न पाहता हप्ता भरतात.

सातवं, रोही (नीलगाई) अन् डुकरं आली तर येऊ द्या. आधी जागलीला आम्ही एकाच मचाणावर जायचो, एक झोपला की एक जागा. आता मचाणं दोन, दोघंही दोन वाजता झोपतो, आणि डुकरं बरोबर अडीचला येतात.

आठवं काही नाही. कंटाळा आला मला या नाटकाचा.

खरं सांगू का, दादा वाईट माणूस नाही, आणि मी काही लई मोठा साधू नाही. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या पाइपावरून मुद्दाम ट्रॅक्टर नेला होता मी, फुटला, आणि मी म्हटलं दिसला नाही. दिसला होता. तुमच्यातही असंच असेल, वाचून हसू नका. कर्ज थकलं की भाऊ वाईट दिसते, भाव पडला की शेजारी वाईट दिसते, पोराला नोकरी लागत नाही तर गावातल्या ज्याच्या पोराला लागली तो वाईट दिसते. संकटाकडे पाहायची छाती होत नाही ना, म्हणून हे सगळे धंदे. लाज वाटत नाही आपल्याला? त्या वहिनीनं, याच दादाच्या बायकोनं, तो दवाखान्यात होता तेव्हा अख्खा हंगाम एकटीनं काढला. पाठीवर पंप, काखेत लहान पोरगी, पाणी आणायला नाल्यापर्यंत चकरा, एकाही माणसाशी हुज्जत नाही की रडगाणं नाही. तिच्या मोबाईलवर डोंगरही नाही अन् सूर्यही नाही, साधा बटणाचा फोन आहे. आणि आपण दोघं घोडे, पन्नाशीला आलो, एका तासासाठी काट्या टाकत फिरतो. चारशे फूट लांब अन् चार फूट रुंद जागेत आपलं सगळं शौर्य मावलं काय बे?

परवा भर रस्त्यात त्यानं मला विचारलं, "तुह्या बापाचा रस्ता हाय काय बे?" दादा, तुझ्या बापाचा अन् माझ्या बापाचा, दोघांचा होता. दोघांनी मिळून त्या पांदणीत मुरूम टाकला होता, बंडी एक होती, बैल एक तुमचा अन् एक आमचा. मी सहा वर्षांचा होतो, मुरमावर बसून यायचो, तू बंडीमागून पळायचास आणि मला खाली ओढायचास.

ते तीस गुंठे आता असेच राहिले तर पुढच्या पाण्यात अजून तीस जातील, नाला काही तारखेची वाट पाहणार नाही. नाल्याचं तोंड एकट्यानं बुजत नाही, मी दोन दिवस पाहिलं करून, माती टाकली की वाहून जाते, दगड लागतात आणि दगड उचलायला दुसरा माणूस लागतो. उद्या सकाळी सातला मी बंडी घेऊन येतो, फावडं माझ्याकडे आहे, सब्बल तू आण. वकिलाला फोन करून विचारत बसू नको.

आणि त्या काट्या मी काढणार नाही, सांगून ठेवतो. टाकल्या तू, उचलशीलही तूच.