जाण्याआधी परत या

निर्वासितांना प्रवासासाठी मिळणारी पुस्तिका हातात पडली की लगेच उघडू नका. आधी बाहेरूनच डोळे भरून पाहून घ्या. बऱ्याच देशांत तिच्या मुखपृष्ठावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, दोन काळ्या तिरप्या रेघा असतात. ती नक्षी नव्हे. विमानतळावर तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाने वेळीच दुसरी रांग धरावी म्हणून केलेली ती सोय आहे. कुठेतरी 28 जुलै 1951 ही तारीखही छापलेली सापडेल. त्या दिवशी जिनिव्हात निर्वासितांबाबतचा करार झाला आणि त्याच्या 28व्या कलमाच्या कृपेने आज तुमच्या हातात हे प्रवासपत्र आहे. पासपोर्ट नव्हे बरं का, प्रवासपत्र. पासपोर्टवाले प्रवासाला जातात. तुम्ही प्रवासाचा अर्ज करता.

आता आतलं पान. तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांत राष्ट्रीयत्वाच्या जागी 'एक्सएक्सबी' अशी अक्षरं दिसतील. करारातल्या निर्वासितांसाठी जगभर ठरलेली ही खूण. शाळेत गणितात जे माहीत नाही त्याला एक्स म्हणायचे. तुमच्या बाबतीत एका एक्सने भागलं नाही. व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात देशांची लांबलचक यादी उघडेल, तिच्यात हे एक्सएक्सबी शोधत बसू नका. बऱ्याचदा ते नसतंच. मग मूळ देश निवडायचा की आश्रय देणारा? पहिला निवडलात तर लगेच तिथला पासपोर्ट क्रमांक मागतील. दुसरा निवडलात तर खोटी माहिती दिल्याचा ठपका. ई-व्हिसाच्या जाहिराती पाहूनही हुरळू नका, अनेक देशांची ती खिडकी फक्त पासपोर्टवाल्यांसाठी उघडते. तुम्ही आपले वकिलातीत प्रत्यक्ष जा.

जन्मतारीख 1 जानेवारी लागली असेल तर तीही पाठ करून ठेवा. पळून आलेल्या माणसाकडे दाखला नसतो, साल तेवढं आठवत असतं. मग नोंदणी करणारा कारकून वर्षाचा पहिला दिवस टाकून मोकळा होतो. निम्मी छावणी एकाच दिवशी जन्मली कशी, म्हणून समोरच्या अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या तर चेहरा गंभीर ठेवा. तो आधीच संशयी असतो, त्यात तुमचं हसू नको.

या पुस्तिकेच्या घराण्याचा मूळपुरुष कोण, तेही माहीत असावं. नॉर्वेचा फ्रित्योफ नान्सेन 1893 मध्ये 'फ्राम' नावाचं जहाज घेऊन उत्तरेला निघाला आणि त्याने ते मुद्दाम बर्फात गोठवून घेतलं. बर्फ सरकेल तसे आपणही ध्रुवाकडे सरकू, असा हिशोब. जहाज मोकळं झालं 1896 मध्ये. ध्रुव काही लागला नाही. याच गृहस्थाने पुढे राष्ट्रसंघाचा निर्वासित-उच्चायुक्त या नात्याने 1922 मध्ये, देश गमावून बसलेल्या रशियनांसाठी 'नान्सेन पासपोर्ट' काढला. जागच्या जागी गोठायचं आणि बर्फ हलायची वाट पाहायची, हे तंत्र शिकवायला त्याच्यापेक्षा लायक माणूस कुठून आणणार होते?

असो. समजा, तुमच्या बहिणीचं लग्न आहे. पळताना ती दुसऱ्या दिशेला पळाली, म्हणून आज ती दुसऱ्या देशात आहे. तुम्हाला चार दिवस जाऊन यायचंय. व्हिसाच्या खिडकीवर तुमचं बोलणं बहिणीपासून सुरू करू नका, तिच्यात कुणाला रस नाही. त्यांना एकच गोष्ट हवी असते: तुम्ही परत जाल याचा पुरावा. काही अर्जांत तर मूळ देशाशी असलेले घट्ट संबंध दाखवा, असंही म्हणतात. मूळ देशाशी तुमचे संबंध आहेतच की, इतके घट्ट की तिथले लोक अजून तुम्हाला शोधतायत. घराची मालकी विचारली तर लपवू नका. घर आता ढिगाऱ्याच्या रूपात असलं तरी मालकी ती मालकीच.

मग मूळ देशातला जन्मदाखला आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागतील. ते आणायला स्वतःच्या देशाच्या वकिलातीत जायचा मोह होईल. जरूर जा! ज्या करारामुळे तुम्ही निर्वासित ठरलात, त्याच्याच पहिल्या कलमात लिहिलंय की आपल्या देशाचं संरक्षण आपणहून पुन्हा स्वीकारलं की निर्वासितपण संपतं. तिथून नवा पासपोर्ट घेऊन आलात तर आश्रय देणाऱ्याला शंका घ्यायला उत्तम कारण मिळतं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. यावरही करारात उतारा आहे. 25व्या कलमानुसार असे दाखले आश्रय देणाऱ्या देशानेच मिळवून द्यायचे. हे कलम काउंटरवर मोठ्याने वाचून दाखवा. समोरच्याला नवीन काहीतरी ऐकल्याचा आनंद तरी मिळेल.

मुदतीचं गणित मात्र मन लावून करा, कारण इथेच भलेभले घसरतात. करारात प्रवासपत्राची मुदत एक किंवा दोन वर्षं सांगितली आहे. काही देश आता जास्त देतात. अमेरिका एकच वर्ष देते आणि वाढवून देत नाही. पुष्कळ देशांना तुम्ही पोचता तेव्हा कागदाची आणखी 6 महिने मुदत शिल्लक हवी असते. म्हणजे बाराचे झाले सहा. शेंगेन देश, म्हणजे एकाच व्हिसावर फिरू देणारे युरोपातले देश, त्या मानाने उदार, त्यांना परत निघायच्या दिवसानंतर 3 महिने पुरतात. त्यांचा निकाल साधारण 15 दिवसांत लागतो, शंका आली तर 45 दिवसांपर्यंत. त्यांची 90 यूरो फी आणि किमान 30,000 यूरोचा प्रवासविमा हे वेगळंच. एवढ्या रकमेचं संरक्षण तुम्हाला आयुष्यात प्रथमच मिळत असेल, तेव्हा कुरकुर नको. अपॉइंटमेंट मिळेपर्यंतचे महिने कुठल्याच हिशोबात धरत नाहीत. नान्सेनचं बर्फ आठवा.

हे सगळं चुकवायचा एक मार्ग होता खरा. 20 एप्रिल 1959 रोजी स्ट्रासबर्गमध्ये युरोपातल्या देशांनी करार केला: एकमेकांकडच्या निर्वासितांना तीन महिन्यांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा मागायचा नाही. फारच सुंदर. फ्रान्सने तो 1986 मध्ये स्थगित केला, ब्रिटनने 2003 मध्ये, आयर्लंडने 2022 मध्ये. गोळीबारातून निघताना तुम्ही ही यादी खिशात ठेवायला हवी होती, आणि पुढे कोण कधी मागे हटणार याचा अंदाजही. तुम्ही नेसत्या कपड्यांनिशी पळालात. नियोजनाचा अभाव, दुसरं काय?

खरं तर सगळ्या भानगडीची किल्ली 1951 च्या मूळ कराराच्या परिशिष्टात आहे आणि ती कुणी सांगत नाही. मुदत आहे तोवर पुस्तिकेच्या धन्याला परत घेतलंच पाहिजे, असं 13वा परिच्छेद आश्रय देणाऱ्या देशाला बजावतो. जाण्याबद्दल? 8वा परिच्छेद म्हणतो, समोरचा देश तुम्हाला घ्यायला तयार असेल आणि व्हिसा लागत असेल, तर तो या पुस्तिकेवर उमटवावा. तयार असेल तर! म्हणजे हा कागद तुम्हाला पाठवण्यासाठी नाहीच, तुम्हाला परत कुठे धाडायचं त्याचा हा पत्ता आहे. व्हिसा अधिकारी तोच वाचतो. वाटेत आजारी पडू नका, पाकीट मारू देऊ नका. 16व्या परिच्छेदाप्रमाणे हे प्रवासपत्र असलं म्हणून ते देणाऱ्या देशाच्या वकिलातीचं संरक्षण मागायचा हक्क काही मिळत नाही. तुमची जबाबदारी फक्त परतताना त्यांची.

एवढं करून व्हिसा मिळाला तर विमानतळावर चार तास आधी पोचा. काउंटरवरची मुलगी पुस्तिका उलटसुलट करेल, यंत्रात टाकेल, नखाने कोपरा खरवडून पाहील. तिच्यावर रागावू नका. चुकीच्या कागदांचा माणूस विमानात चढवला तर दंड विमान कंपनीला बसतो. युरोपीय संघाच्या 2001 च्या निर्देशानुसार तो माणशी हजारो यूरोंच्या घरात जातो. म्हणून ती संगणकात बघेल, मग फोन करेल, मग साहेबाला बोलावेल. साहेब पुस्तिका हातात घेऊन अत्यंत अदबीने विचारेल, "पासपोर्ट नाही का तुमच्याकडे?" या प्रश्नाचं उत्तर कितीही वेळा देऊन झालं असलं तरी पहिल्यांदाच देत असल्यासारखं द्या. मागे रांगेतले लोक उसासे टाकतील. त्यांना रेघांची खूण कळली नाही, त्यात तुमचा दोष नाही.

बहिणीचं लग्न एव्हाना उरकलेलं असेल. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त घोड्याला ट्रान्झिट व्हिसाही लागला. वाईट वाटून घेऊ नका, नवा अर्ज भरा. पुढच्या वर्षी कारण आणखी चांगलं असेल: भाची झाली. भेटीचा हेतू या रकान्यात तिचं नाव घाला, नातं लिहा, जन्मदाखल्याची प्रत जोडा. दाखला तिच्याकडे आहे, शिक्क्यासकट. त्यावरची तारीख दोनदा तपासतील, तपासू द्या. ती 1 जानेवारी नाही.