सोनामुखीचं चूर्ण ‘कुणीही, आयुष्यभर’ घ्यायचं नसतं

नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच राहतो. सोनामुखी, ओवा, ज्येष्ठमध आणि काळं मीठ समप्रमाणात घेऊन चूर्ण करा, रोज रात्री एक चमचा कोमट पाण्याबरोबर घ्या. आतड्यांना वर्षानुवर्षं चिकटलेला मळ सुटेल, गॅस आणि ॲसिडिटी मुळापासून जाईल, गोळ्या बंद होतील. आणि खाली ठळक अक्षरांत: आयुर्वेदिक असल्यामुळे दुष्परिणाम शून्य, लहानथोर कुणीही आयुष्यभर घ्यावं.

या चारही वस्तू औषधी आहेत, त्याबद्दल माझा वाद नाही. पोट डब्ब झालं की ओवा चावून खाणं मीही करते. पण जे औषध आहे त्याला मात्रा असते, मुदत असते आणि ते कुणाला द्यायचं नाही हेही ठरलेलं असतं. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलंय.

‘चिकटलेला मळ’ इथूनच सुरुवात करू. आतड्याच्या अस्तराच्या पेशी साधारण तीन ते पाच दिवसांत बदलतात. तिथे वर्षानुवर्षं काही चिकटून राहायला जागाच नाही. सकाळी जुलाब होऊन जे पडतं ते कालपरवाचं अन्न आणि शरीरातलं पाणी. ‘किती घाण निघाली’ असं वाटतं, कारण औषधाने पाणी बाहेर ओढलेलं असतं. आणि रोज एकदा शौचाला झालंच पाहिजे असाही नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसाचं असू शकतं.

आता सोनामुखी. हिच्यावर थोडं थांबायलाच हवं, कारण बाजारातल्या ‘पोट साफ’ करणाऱ्या कितीतरी चूर्णांत खरं काम हीच करते. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा: स्वर्णपत्री, सनाय, सेन्ना, यांपैकी काही दिसलं तर ती सोनामुखीच. तिच्यातली सेनोसाइड्स ही रेचक द्रव्यं मोठ्या आतड्यापर्यंत जवळजवळ जशीच्या तशी पोचतात. तिथले जिवाणू ती फोडतात आणि तयार झालेलं द्रव्य आतड्याला चेतवतं. आतडं जोरात आकुंचन पावतं, पाणी शोषणं कमी होतं. म्हणून रात्री घेतलं की सहा ते बारा तासांनी परिणाम दिसतो. औषध इतकं खात्रीचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्याला जागा आहे. पण ते चार-आठ दिवसांसाठी. महिनोन् महिने, मोठ्या मात्रेत घेत राहिलं तर पोटॅशियम उतरू शकतं: पायात गोळे येतात, थकवा येतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांची कोलोनोस्कोपी (नळीच्या टोकाच्या कॅमेऱ्याने मोठ्या आतड्याची तपासणी) केली तर आतड्याचं अस्तर काळपट दिसतं. बंद केल्यावर काही महिन्यांत ते पूर्ववत होतं, एवढाच दिलासा.

त्यात मेसेजवाल्याने ज्येष्ठमध घातलाय. घसा धरल्यावर एखादी काडी चघळणं वेगळं, रोज पाव चमचा पोटात जाणं वेगळं. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, रक्तदाब वाढवतं आणि तेही पोटॅशियमच खाली आणतं. वर काळं मीठ. घरातल्या ज्या आजोबांना रक्तदाब आहे आणि लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांच्या बाबतीत हा सगळा मारा एकाच ठिकाणी बसतो. गोळीने पोटॅशियम कमी होत असतं, सोनामुखीने होतं, ज्येष्ठमधाने होतं. आणि फॉरवर्ड सर्वांत मनापासून पाळतात ते आजोबाच.

‘आयुर्वेदिक म्हणून दुष्परिणाम शून्य’ हे वाक्य तर आयुर्वेदालाच मान्य नाही. चरकसंहितेत पहिल्याच अध्यायात सांगितलंय की नीट योजलं तर तीव्र विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधही तीव्र विष होतं. पुढे विमानस्थानात, तीन वस्तू अति वापरू नका म्हणून त्यांची नावंच दिली आहेत: पिंपळी, क्षार आणि मीठ. पाचक म्हणून घरोघरी जे खाल्लं जातं त्यात बहुधा याच तिघांपैकी कुणीतरी असतं. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी परंपरेतलं हे वाक्य फॉरवर्ड करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘कुणीही घ्यावं’ हेही तसंच. रेचक देण्याआधी चांगला वैद्य कोठा विचारतो, हलका की जड. भूक कशी लागते, जळजळतं का, हे विचारतो. छातीत आग होणाऱ्याला ओवा-मिरी मानवत नाही, त्रास वाढतो. गरोदरपणात किंवा अशक्तपणात रेचक आपल्या मनाने घ्यायचं नाही. अगदी बाळगुटीसुद्धा आपल्याकडे मोजून देत. सहाणेवर हिरड्याचे वेढे किती, जायफळाचा किती, याचा हिशेब असे. बाळाला पातळ होऊ लागलं की आजी हिरड्याचे वेढे कमी करी. (आज बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नको म्हणतात, तेच पाळावं.) जी आजी अर्ध्या वेढ्याचा विचार करायची, तिच्या नावावर हा ‘एक चमचा सर्वांना’ खपवू नका.

मग काय घ्यावं? जेवणानंतर पोट जड होत असेल तर हिंग्वाष्टक चूर्ण, गरम भातावर तूप घालून पहिल्या घासाबरोबर, थोडे दिवस. मळमळीला आलं. बद्धकोष्ठतेला इसबगोल, पण भरपूर पाण्याबरोबर. कोरडं गिळलं तर घशात फुगून अडकू शकतं. गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असलेल्यांनी डबीतला हिंग तपासून घ्यावा, त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

राहिलं ‘गोळ्या बंद होतील’. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्याला ॲसिडिटीची गोळी अनेकदा पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून दिलेली असते. ती मनाने सोडायची नसते. जठरातल्या अल्सरमागे बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. तो दाखवून देणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं. तो चूर्णाने जात नाही, त्याला प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स लागतो. बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं अपेंडिक्सचं असू शकतं, तिथे रेचक देणं धोक्याचं. काळी किंवा रक्ताची शौच, वजन उतरणं, गिळताना अडकणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच बदललेली शौचाची सवय, यांतलं काही असेल तर आधी तपासणी. आणि पोटाच्या वरच्या भागात दडपण, सोबत घाम, धाप किंवा जबड्याकडे-हाताकडे जाणारी कळ असेल, तर ‘गॅस झालाय’ म्हणून ओवा देत बसू नका. लगेच 108 ला फोन करा आणि ईसीजी निघेल अशा दवाखान्यात न्या.