‘ड्राइव्ह मॅप करा की!’ या प्रतिक्रियेला उत्तर

विद्यापीठाच्या सर्व्हरवरच्या फाइली घरून कशा मिळवाव्यात, या लेखावर तुम्ही चांगलीच झोड उठवली आहे. मुद्दे थोडक्यात असे: व्हीपीएन (विद्यापीठाच्या नेटवर्कात नेणारी सुरक्षित वाट) लावून विद्यापीठाचा ड्राइव्ह विंडोजमध्ये मॅप केला, म्हणजे आपल्या पीसीच्या ड्राइव्हसारखा जोडला, की काम भागतं, मग विनएससीपी आणि फाइलझिला या फाइली चढवण्या-उतरवण्याच्या प्रोग्रॅमांचा पसारा कशाला, ते वापरतात त्या एसएफटीपी या कूटबद्ध पद्धतीपेक्षा जुनं, उघडं एफटीपी वेगवान होतं, सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या फिंगरप्रिंटचा बाऊ उगाच केलाय, ‘येस’ दाबलं की झालं. वर, तुमच्याकडे लॉगिन होतं पण फाइलींची यादी येतच नाही, म्हणून सॉफ्टवेअरच भिकार.

कॅम्पसवर किंवा त्याच शहरात राहणाऱ्यासाठी तुमचा पहिला मुद्दा सोळा आणे खरा. तिथे ड्राइव्ह मॅप करावा आणि फाइल जागेवरच उघडावी. वर्डची फाइल तुम्ही उघडली की तिला लॉक लागतं, दुसऱ्याला ती फक्त वाचता येते. एसएफटीपीत अशी राखण नाही. दोघांनी एकच प्रकरण उतरवून घेतलं, दोघांनी दुरुस्त्या केल्या, तर जो शेवटी चढवतो त्याची फाइल राहते आणि आधीच्याचं काम गुपचूप पुसलं जातं. गाइड आणि विद्यार्थी एकाच प्रबंधावर काम करत असतील तर मॅप केलेला ड्राइव्हच बरा.

पण लेख होता तो सुट्टीत घरी आलेल्यांसाठी. अकोल्यात बसून अमेरिकेतल्या सर्व्हरला काही विचारलं, तर उत्तर यायला साधारण पाव सेकंद जातो. मॅप केलेला ड्राइव्ह बोलतो एसएमबी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइल वाटण्याच्या भाषेत, आणि तो मुळात एकाच इमारतीतल्या नेटवर्कसाठी घडला. एक्सप्लोररमध्ये फोल्डर उघडलं की फाइलींचे तपशील, आयकॉन, थंबनेल यासाठी विंडोज फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहतं. लायब्ररीत क्षणात उघडणारं फोल्डर घरी हिरवी पट्टी सरकवत बसतं ते यामुळे. नेटचा वेग वाढवून हे सुटत नाही, कारण अडचण रुंदीची नाही, अंतराची आहे. त्यात वर्ड सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहितं आणि मग नावं बदलतं. तेवढ्यात वीज गेली आणि राउटर बंद पडला, की सर्व्हरवर अर्धवट तात्पुरती फाइल आणि न सुटलेलं लॉक उरतं. एसएफटीपीत फाइल एकदा उतरते, काम आपल्या डिस्कवर होतं, आणि एकदाच वर जाते.

व्हीपीएनशिवाय ड्राइव्ह मॅप होईल ही आशाही नको. एसएमबीचं पोर्ट ४४५, म्हणजे सर्व्हरवरचं त्याचं दार, बाहेरच्या जगासाठी विद्यापीठं बंदच ठेवतात. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच सेवेतल्या भोकातून पसरला होता. याउलट बऱ्याच विद्यापीठांचा एसएफटीपी सर्व्हर पोर्ट २२ वर बाहेरूनही उघडा असतो. तिथे व्हीपीएनची गरजच नाही.

वेगाबद्दल. एकच मोठी फाइल असेल तर एफटीपी पुढे गेलेलं तुम्ही पाहिलं असेल, आणि त्याला कारण आहे. ओपनएसएसएच या दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या संचासोबत येणारा एसएफटीपी प्रोग्रॅम मुळात ३२ केबीच्या ६४ मागण्या एका वेळी वाटेवर ठेवतो, म्हणजे २ एमबी. फेरी पाव सेकंदाची असेल तर सेकंदाला ८ एमबीच्या वर तो जाऊच शकत नाही, मग घरी लाइन कितीही मोठी असो. इतर प्रोग्रॅमचे आकडे वेगळे, हिशोब तोच. उपाय म्हणजे एकाच वेळी जास्त फाइली सोडायच्या: फाइलझिलात ही संख्या सुरुवातीला २ असते, ती १० पर्यंत वाढवता येते.

मात्र इथे दुसरी पाचर बसते. विद्यापीठात लॉगिनला फोनवरून मंजुरी लागत असेल, तर फाइलझिला प्रत्येक नव्या कनेक्शनला पुन्हा मंजुरी मागतं. फोन वाजत राहतो, माणूस कंटाळून दुर्लक्ष करतो, आणि चार-दोन नापास लॉगिननंतर खातं लॉक होतं. अशा ठिकाणी साइट मॅनेजरमध्ये लॉगॉन टाइप ‘इंटरॅक्टिव्ह’ ठेवावा आणि ट्रान्सफर सेटिंग्जमध्ये एका वेळच्या कनेक्शनची मर्यादा १ करावी. वेग कमी होतो, पण मंजुरी एकदाच द्यावी लागते. विद्यापीठ एसएसएच की (पासवर्डऐवजी वापरायची किल्लीची फाइल) चालवू देत असेल, आणि कीने आल्यावर फोनची मंजुरी मागत नसेल, तर दोन्ही साधतं.

खरा वेळ खातात त्या बारक्या फाइली. एक बारकी फाइल चढवताना उघडणं, लिहिणं, बंद करणं आणि तारीख लावणं अशा निदान चार फेऱ्या होतात, म्हणजे एक सेकंद. दहा हजार फोटोंच्या बारीक प्रती एकेक करून पाठवल्या तर पावणेतीन तास नुसते फेऱ्यांत. एफटीपी इथे आणखी मागे पडतं, कारण ते प्रत्येक फाइलसाठी वेगळं डेटा कनेक्शन उघडतं. सर्व्हरवर शेल, म्हणजे कमांड टाइप करायची सोय, मिळत असेल तर सगळं फोल्डर टार किंवा झिप करून एकच गठ्ठा पाठवा आणि तिकडे सोडा.

आता ‘येस’ दाबण्याबद्दल. पहिल्या जोडणीला जो एसएचए-२५६ फिंगरप्रिंट दिसतो, तो विद्यापीठाच्या आयटी विभागाच्या पानावर छापलेल्याशी ताडून पाहायला एक मिनिट पुरतं. नंतर कधी ‘होस्ट की बदलली आहे’ असा इशारा आला (फिंगरप्रिंट याच कीचा असतो), तर दोनच शक्यता: सर्व्हर नव्याने बसवला आहे, किंवा मध्ये कोणीतरी बसलं आहे. पासवर्डने लॉगिन करणाऱ्याने दुसऱ्या परिस्थितीत ‘येस’ दाबलं, तर पासवर्ड सरळ त्याच्या हातात. आणि तो पासवर्ड नुसता फाइलींचा नसतो, ईमेल, गुण, फी सगळं त्यावरच चालतं. एफटीपीत तर मध्ये बसण्याचेही कष्ट नकोत. पासवर्ड उघड्यावरूनच जातो, वाटेत ऐकणारा असला की झालं. एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत अभय भूषण यांनी लिहिला, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. त्या काळच्या मोजक्या संगणकांच्या जाळ्यासाठी ते उत्तमच होतं. २०२१ मध्ये फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनीही एफटीपी काढून टाकलं.

पासवर्डचंच निघालंय तर: लॅबच्या सामाईक पीसीवर फाइलझिलात पासवर्ड सेव्ह करू नका. मास्टर पासवर्ड लावला नसेल तर तो एका साध्या एक्सएमएल फाइलमध्ये जुजबी रूपांतर करून ठेवलेला असतो. वाचायला कोणतीही हुशारी लागत नाही.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांना हमखास नडते. लिनक्स सर्व्हरवर नावाची मर्यादा २५५ बाइटची असते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपतं. विंडोजवर बिनबोभाट चाललेलं लांबलचक नाव म्हणून वर जात नाही. विनएससीपी १०० केबीच्या वरच्या फाइलींना चढवताना तात्पुरतं ‘.फाइलपार्ट’ हे शेपूट रोमन अक्षरांत जोडतं. त्याचे ९ बाइट गेले की उरतात ८२, आणि एक्स्टेंशन त्यातच बसवायचं. त्यामुळे बारकी फाइल जाते, त्याच नावाची मोठी अडते, आणि कारण काही केल्या समजत नाही. दुसरा घोळ ‘शेतकऱ्यांच्या मुलाखती’ अशा नावांत. त्यातलं अर्धं र काही कीबोर्ड ‘ऱ’ वापरून लिहितात, काही साध्या र नंतर न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, सर्व्हरच्या लेखी मात्र त्या दोन फाइली. सिंक करताना एकीच्या दोन होतात त्या अशा. सर्व्हरवर जाणाऱ्या फाइलींची नावं आखूड आणि रोमन ठेवा, मराठी शीर्षक फाइलच्या आत लिहा.

राहिली तुमची न येणारी यादी. खातं लिनक्सचं असेल तर आधी शेलची सुरुवातीची फाइल, म्हणजे बॅशआरसी, उघडून पाहा. तिच्यात स्वागताचा मजकूर छापणारी ओळ असेल तर एसएफटीपी त्या अक्षरांनाच पॅकेटची लांबी समजतं आणि ‘मेसेज टू लाँग’ म्हणत एक अगडबंब आकडा दाखवतं. तो आकडा १४१६५८६३३७ असेल, तर मजकुराची सुरुवात टी-ओ-डी-ए अशी आहे, बहुधा ‘टुडे’. त्या चार अक्षरांच्या कोडपासूनच तो आकडा बनतो. छापणारी ओळ फक्त माणूस टर्मिनलवर असेल तेव्हाच चालेल अशी अट घाला.

आकडा येत नाही, नुसतंच अडकतं, आणि तेही व्हीपीएनवरच, तर संशय एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर. लॉगिनची छोटी पॅकेट जातात, यादीची मोठी पॅकेट वाटेत गिळली जातात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर पिंग या जोडणी तपासणाऱ्या कमांडला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १३७२ बाइट पाठवा. २८ बाइटचं हेडर धरून ते १४०० होतात. उत्तर आलं नाही तर आकडा पन्नास-पन्नासने उतरवा. जिथे उत्तर येऊ लागेल त्यात २८ मिळवा आणि व्हीपीएनच्या अडॅप्टरचा एमटीयू तेवढा करा. कोणत्याच आकड्याला उत्तर आलं नाही, तर सर्व्हरने पिंगच बंद केलेलं असतं. मग सरळ १३०० ठेवून यादी पुन्हा मागवा.