कासवाला ‘दोन थेंब’ पाजण्याआधी

साप-सरडे-कासवं पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: कुठलाही सरपटणारा प्राणी असो, दर तीन महिन्यांनी आयव्हरमेक्टिन या जंतांच्या औषधाचे दोन थेंब पाजा, विष्ठेत जंत दिसत नसतील तर पोट साफ आहे, घरच्या पैदाशीच्या पिल्लांना जंत होतच नाहीत, औषध नको असेल तर भोपळ्याच्या बिया वाटून द्या.

यातलं पहिलं वाक्य जीव घेऊ शकतं, म्हणून त्यावरच जास्त बोलतो.

आयव्हरमेक्टिन कासवाला द्यायचं नाही. पाण्यातलं असो वा जमिनीवरचं. हे औषध जंतांना लुळं पाडतं. गाई-कुत्र्यांमध्ये रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर त्याला सहसा आत शिरू देत नाही (कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत तो कमजोर असतो, म्हणून त्यांनाही ते जपून देतात). कासवात मात्र औषध थेट मज्जासंस्थेपर्यंत पोचतं. मान टाकली जाते, पाय लुळे पडतात, श्वास थांबतो. नेमका उतारा नाही. ही गोष्ट १९८३ सालीच पशुवैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे, आणि आपण अजून ‘दोन थेंब’ म्हणतोय!

थेंब हे मापही नव्हे. मोठा लेपर्ड गेको (पाळीव पाल) साधारण ५० ते ८० ग्रॅमचा, बॉल पायथन हा साप दीड किलोचा. दोघांना सारखेच थेंब? फेनबेंडाझोल हे जंतांचं दुसरं औषध त्यामानाने सौम्य खरं, पण तेही जास्त झालं तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन पांढऱ्या पेशी घटतात. आणि बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याला वारंवार होणाऱ्या कॉक्सिडियावर त्याचा उपयोगच नाही, कारण तो जंत नाही, एकपेशीय जीव आहे. त्याचं औषध वेगळं.

हा कॉक्सिडिया नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. सूतकृमींची (दोऱ्यासारख्या बारीक जंतांची) अंडीसुद्धा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. म्हणून ताजी विष्ठा, वाळायच्या आत, घट्ट झाकणाच्या डबीत घालून त्याच दिवशी व्हेटकडे न्यावी. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. (डबीवर नाव लिहा. घरच्यांनी चटणी समजून उघडली, की पुढचं महाभारत तुमचं तुम्ही निस्तरा.) एकदा काही सापडलं नाही म्हणजे सुटलो, असंही नाही, अंडी रोज पडत नाहीत, त्यामुळे काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने तपासावे लागतात.

याची उलट बाजूही आहे. सापाच्या विष्ठेत दिसलेली अंडी त्याने गिळलेल्या उंदराच्या जंतांची असू शकतात. आणि नीट खाणाऱ्या, वजन टिकवून असलेल्या कासवाच्या पोटात थोडे सूतकृमी असले, तर बरेचदा औषध देतच नाहीत.

घरच्या पैदाशीचं म्हणाल, तर पिल्लू घरचं असेल, पण त्याला खायला घातलेले रातकिडे कुठले? शिवाय सूतकृमींना मधला यजमान लागत नाही. विष्ठेत पडलेली अंडी खाण्याबरोबर परत त्याच पोटात जातात. म्हणून उपचार चालू असताना खाली वाळू नको, कागद अंथरा आणि रोज बदला. एका टाकीतलं पाण्याचं भांडं दुसरीत नको. कासवाला सहसा त्रास न देणारा एक अमीबा सापाला मारू शकतो.

भोपळ्याच्या बिया? लेपर्ड गेको किडे खातो. विषय संपला.

मग शंका कधी घ्यायची? खाणं चालू असून वजन घटतंय, गेकोची शेपटी बारीक होतेय, विष्ठा पातळ आणि नेहमीपेक्षा जास्त घाण वासाची आहे, साप गिळलेलं ओकतोय. टाकी पुरेशी गरम नसली तरीही यातलं बरंच दिसतं, म्हणून आधी थर्मामीटर बघा. शेपटी मात्र काडीसारखी झाली असेल, तर क्रिप्टोस्पोरिडियम या एकपेशीय परजीवीची तपासणी आवर्जून करून घ्या. तो पुरता बरा करणारं भरवशाचं औषध नाही, ब्लीचलाही तो दाद देत नाही. त्या गेकोला आधी इतरांपासून वेगळं करा.

आणि आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. काटा स्वयंपाकघरातला नको, वेगळा घ्या. या प्राण्यांच्या अंगावर माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला जंतू असू शकतो.