अंदाज सात दिवसांचा, पैसे तीन महिने आधी

आधीच सांगून टाकतो, वादळावर माझा काडीचा राग नाही. १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकचा वादळांचा मोसम, १० सप्टेंबरच्या आसपास त्याचा कळस. समुद्र त्याचं काम करतो. माझी तळपायाची आग मस्तकात गेली आहे ती क्रूझ कंपनीमुळे.

आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये आईवडिलांचं काय होतं ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. बाबा मेलबॉक्सपर्यंत चालत जातात आणि त्याला मॉर्निंग वॉक म्हणतात. म्हटलं, ऑगस्टच्या शेवटी, पोरांच्या शाळा उघडायच्या आत, न्यू यॉर्कहून बर्म्युडाची क्रूझ करू. विमानतळाच्या रांगा नकोत, बाबांच्या गुडघ्यांना त्रास नको, आणि जहाज एकदा धक्क्याला लागलं की रात्रीही तिथेच मुक्कामाला. आईने तर गुलाबी वाळूचे फोटो तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकूनही झाले होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ईमेल आली. हवामानाच्या कारणास्तव बर्म्युडा रद्द. त्याऐवजी हॅलिफॅक्स आणि सेंट जॉन. म्हणजे कॅनडा! आणि तळाशी एक साळसूद ओळ: नव्या मार्गासाठी लागणारी प्रवासाची कागदपत्रं जवळ असणं ही प्रवाशाची जबाबदारी आहे.

अहो, भारतीय पासपोर्टवर कॅनडात उतरायला व्हिसा लागतो! माझ्याकडे आणि बायकोकडे ग्रीन कार्ड आहे, आमचं चालतं. पोरं इथलीच नागरिक. आई-बाबांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, पण तो कॅनडात दाखवून उपयोग काय? तिथला व्हिसा म्हणजे फॉर्म, बँकेची स्टेटमेंटं, बोटांचे ठसे, आणि मग पासपोर्ट पाठवा नि वाट बघत बसा. हे सगळं मी शुक्रवारी संध्याकाळी सातपासून शनिवारी दुपारी बोर्डिंग सुरू होईपर्यंत उरकायचं?

फोन लावला. होल्डवर स्टील ड्रम वाजत होते, जणू आम्ही आत्ताच किनाऱ्यावर लोळतोय. ताटकळून ताटकळून शेवटी एक बाई लाइनवर आल्या. त्यांना माझं फ्रस्ट्रेशन पूर्ण समजत होतं. कितीदा समजत होतं याला गणती नाही. मी विचारलं, आई-बाबांना जहाजातच बसून राहू दे, उतरणारच नाहीत ते, मग? नाही सर, कागदपत्रं नसतील तर चढूच देणार नाहीत. बरं, मग पैसे परत? नाही सर, तुम्ही स्वतःहून येत नाही आहात, तो नो-शो धरला जातो. म्हणजे बर्म्युडाचं तिकीट मला विकलं तुम्ही, कॅनडा निवडला तुम्ही, आणि आलो नाही म्हणून दोष माझा!

आई-बाबांना घरी ठेवून आम्ही कसले जातोय? कोणीच गेलो नाही. सगळ्या भाड्यातून परत आले ते फक्त बंदराचे कर आणि शुल्क. बाकी स्वाहा.

आता कोणी म्हणेल, मग काय जहाज वादळात घालायचं होतं का? मुळीच नाही. कॅप्टनचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता, हे मी त्या रात्रीसुद्धा म्हणत होतो. अटलांटिकवर उच्च दाबाचं एक मोठं क्षेत्र ठाण मांडून असतं. आफ्रिकेकडून निघालेली वादळं त्याच्या दक्षिण कडेने पश्चिमेला सरकतात, टोकाला आली की उत्तरेकडे वळतात, आणि नेमकं त्या वळणावर हे इवलंसं बेट. २०१४ च्या ऑक्टोबरात एका आठवड्यात दोन वादळं बर्म्युडावर आली, फे आणि गोन्झालो. २०२४ मध्ये ऑगस्टच्या मध्यावर अर्नेस्टो थेट बेटावरून गेलं. वादळ चार-पाचशे किलोमीटर लांबून गेलं तरी त्याच्या लाटा धक्क्यापर्यंत पोचतात. एवढं प्रचंड जहाज तिथे बांधून ठेवणं म्हणजे वेडेपणा.

आणि अंदाजालाही मी नावं ठेवणार नाही. हवामान खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, या संस्कारात वाढलेला मी. पण मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर जे करतं त्याला सलाम. वादळ जन्मायच्या आधी, सात दिवसांपर्यंत, नकाशावर डाग दिसतो, शक्यता वाढेल तसा पिवळा, केशरी, लाल. वादळ झालं की दर सहा तासांनी बुलेटिन. तो आठवडाभर मी रात्री अकराचं बघून झोपत होतो आणि पहाटे पाचचं बघायला उठत होतो.

पण सात दिवस म्हणजे सातच दिवस. आणि पैसे? पूर्ण रक्कम सुटायच्या साधारण तीन महिने आधी भरायची. त्यानंतर रद्द केलंत की कापाकापी सुरू, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत तर बहुतेक ठिकाणी दमडी परत नाही. म्हणजे मी निर्णय घ्यायचा तो त्या वादळाचा ढगसुद्धा जमलेला नसताना, आणि कंपनी निर्णय घेणार सगळे नकाशे हातात आल्यावर, आदल्या संध्याकाळी. तिकिटाच्या करारात तर लिहिलेलंच असतं की कोणतंही बंदर गाळू, बदलू, भरपाई मागायची नाही. पाच दिवस डाग लाल होता, तेव्हाच कळवलं असतं की बेत बदलू शकतो, कॅनडाचाही विचार आहे? आमच्या पासपोर्टचे तपशील महिनाभर आधी भरून घेतले होते ना? त्यात राष्ट्रीयत्वाचा रकाना कशाला होता, शोभेला?

विम्याचं म्हणाल तर विमा कंपन्यांची तऱ्हाच न्यारी. वाऱ्याचा वेग ताशी ३९ मैल झाला की वादळाला नाव मिळतं. एकदा बारसं झालं की त्यानंतर काढलेल्या विम्यात ते वादळ धरत नाहीत. म्हणजे काळजी वाटायला लागली की दुकान बंद! आणि आधी काढलेल्या विम्यातसुद्धा नुसता मार्ग बदलणं म्हणजे सहल रद्द होणं नव्हे. काही पॉलिसी चुकलेल्या बंदरापोटी हातावर थोडे डॉलर टेकवतात, तेवढंच. कुठल्याही कारणाने रद्द करता येईल असा महागडा विमा मिळतो, पण तोही बुकिंगनंतर दोन-तीन आठवड्यांत घ्यायचा आणि परत मिळणार साधारण ५० ते ७५ टक्के.

त्यातल्या त्यात आमचं बरं म्हणायचं, निदान घरी तरी होतो. २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा टेक्ससमधलं गॅलव्हस्टन बंदरच बंद झालं. जहाजं परत येऊ शकेनात, समुद्रातच थांबली, काही न्यू ऑर्लिन्सला वळली. लोकांच्या गाड्या इकडे पार्किंगमध्ये, नोकऱ्या इकडे, आणि माणसं तिकडे बुफेच्या रांगेत.

आणि आपले लोक! मामाचा पुण्याहून फोन: "अरे, अमेरिकेत तर सगळं आधी कळतं ना?" हो मामा, कळतं, फक्त आम्हाला सांगत नाहीत. एडिसनच्या ग्रुपवर एक काका वादळाच्या संभाव्य मार्गांच्या रंगीत रेघांचं स्पॅगेटी मॉडेल टाकत होते, दर तासाला, खाली स्वतःचा निष्कर्ष: "बर्म्युडा शंकूच्या बाहेर आहे, बिनधास्त जा!" काका, अंदाजाच्या नकाशावरचा तो शंकू वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, वादळाचा घेर नाही. आणि केंद्रसुद्धा त्यात राहतं साधारण तीनातल्या दोन वेळा. दुसरे एक जण: "आम्ही ऑक्टोबरात गेलेलो, मस्त ऊन होतं." वा! अभिनंदन!

परवा कंपनीची आणखी एक ईमेल आली. तुमची आठवण येते म्हणे. पुढच्या बर्म्युडा क्रूझवर खास सवलत, फक्त तुमच्यासाठी. तारखा बघितल्या: १५ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर. आईला अजून दाखवलेली नाही. ती लगेच म्हणेल, घेऊन टाक, स्वस्त पडतंय.